वळख बघू मी कोन?

बारामतीच्या दवाखान्यात मला शुद्ध आली तेव्हा खाटेभोवती सात-आठ माणसं उभी होती. मला तहान लागली होती, डोकं ठणकत होतं आणि एका कानात कुणी पिठाची गिरणी चालू करून ठेवल्यासारखी घरघर चालली होती. यातलं कुणी काही विचारलं नाही. एक बाई पुढं वाकली, नाकाला नाक लागेल इतकी जवळ आली आणि म्हणाली, "शालन, वळख बघू मी कोन?" ती बाजूला होते तोवर एक टोपीवाला वाकला. "आन मी गं? मला वळखलंस का?" त्याच्यामागं दुसरा टोपीवाला रांगेत उभाच होता. परीक्षा घ्यायची ही पद्धत आमच्या भागात फार जुनी असावी, कारण पुढच्या वर्षभरात मला भेटायला आलेल्या एकाही माणसानं तीत फेरबदल केला नाही. आजारी माणसाला कसं वाटतंय हे विचारायचं नसतं, त्याला आपण आठवतो की नाही हे तपासायचं असतं. मी एकामागून एक नापास होत होते, आणि खाटेच्या पायथ्याशी एक बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. ती माझी आई होती. हे मला तिच्या हुंदक्याच्या आवाजावरून कळलं, तोंडावरून नाही.

पडले कशी ते आधी सांगून टाकते, कारण ते सांगायला मी सोडून सगळा तालुका तयार असतो. माझे वडील, म्हणजे तात्या, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. हंगाम लागला की उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला खेपा चालायच्या. आमची वस्ती सणसरपासून आत, कालव्याच्या कडेला. एस.टी. तिच्या मनाला येईल तेव्हा यायची आणि मी दहावीत होते, म्हणून सकाळी तात्यांच्या ट्रॉलीवर उसाच्या ढिगावर दप्तर घेऊन बसायचं, एक ऊस उपसायचा आणि दातानं सोलत शाळेपर्यंत जायचं. इतका गोड प्रवास पुढं कुठल्याही गाडीनं घडला नाही. ट्रॅक्टरला टेप बसवलेला होता, त्याला दोन दांडगे स्पीकर. तात्यांचा जीव होता त्या टेपवर. कालव्याच्या पुलावर ट्रॉलीचं चाक खड्ड्यात आदळलं आणि मी उसासकट खाली आले. डोकं पुलाच्या कठड्यावर. तात्या गाणं म्हणत दोन फर्लांग पुढं गेले. मागून एका सायकलवाल्यानं घामाघूम होत गाठलं तेव्हा थांबले. हे दोन फर्लांग मला पुढं प्रत्येक पाहुण्यानं मोजून सांगितले. तात्या मात्र कधी बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते घरात एकूणच बोलायचे थांबले. टेप त्यांनी स्वतःच्या हातानं उपटून काढला, आणि घरात यायचे, जेवायचे, जायचे ते एखाद्या मुक्या माणसासारखे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळं झाला.

एक सोय मात्र झाली. आमच्याकडं कुणी मूर्खपणा केला की "डोक्यावर पडलाईस का?" असं विचारायची रीत आहे. मी घरी आल्यावर ते बोलणं आमच्या वस्तीवरून हद्दपार झालं. कुणाच्या जिभेवर यायचं, मग त्याला मी दिसायचे, आणि तो खोकल्यासारखं करून तिसरंच काहीतरी बोलायचा. अख्ख्या वस्तीच्या वागण्यात सुधारणा घडवून आणणारी आमच्या घराण्यातली मीच पहिली.

महिन्याभरानं घरी आणलं तेव्हा डोक्याचा गोटा केलेला, एका बाजूला टाक्यांची वेणी. आईनं अंगणातल्या शेडात, मेंढरांच्या वाघुरीशेजारी, म्हणजे जाळीच्या कुंपणाशेजारी, माझी खाट टाकली, कारण घरात पत्र्यावर चिमणी नाचली तरी मला तो आवाज सोसवत नसे. भांडं पडलं की मी किंचाळायचे. दुपारचं ऊन डोळ्यात शिरलं की ओकारी यायची. बोलता बोलता साधा शब्द हरवायचा. पाणी हवं असायचं आणि तोंडातून "ते, ते, प्यायचं ते" एवढंच यायचं, मग माझाच मला राग यायचा आणि हातात येईल ते फेकायचे. एकदा चुलीवरचा तवा फेकला, भाकरीसकट. अधूनमधून फिट यायची, म्हणून दर महिन्याला बारामतीहून गोळ्या आणाव्या लागत. त्या गोळ्यांनी दिवसभर झोप. आई हुलग्याचं माडगं करून वाटीनं पाजायची, आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, मेंढीच्या दुधाचा चहा स्वतः करून आणायचे. त्यात ते साखर इतकी घालायचे की चमचा उभा राहावा. वरकुट्याची आत्या आली की तिचा वेगळाच दवाखाना उघडायचा. अंगारा, लिंबू, कुणीतरी सांगितलेलं तेल. ते तेल टाक्यांवर चोळल्यावर मी जी आरडले ती कालव्यापलीकडं ऐकू गेली म्हणे. आत्या समाधानानं म्हणाली, "बघा, गुण आला. आवाज कसा सुटलाय." आत्याला कुठल्याही गोष्टीत गुण दिसायचा, फक्त भावजयीत नाही.

हे सगळं हळूहळू कमी झालं. काही अजून आहे. आजही लग्नघरात बँड वाजायला लागला की मी गोठ्यात जाऊन बसते, आणि दुपारी दोन तास आडवी झाले नाही तर संध्याकाळी माझ्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो. पण जे गेलं आणि परत आलंच नाही, ते म्हणजे माणसांची तोंडं. कसं सांगू? मला दिसतं सगळं. नाक दिसतं, डोळे दिसतात, गालावरचा तीळ दिसतो. पण त्या सगळ्याचं मिळून एक माणूस होत नाही. समोरचा माणूस दोन मिनिटं घरात जाऊन आला की माझ्या लेखी तो नवा. बारामतीला साडीच्या दुकानात आरशातल्या बाईला वाट द्यायला मी एकदा बाजूला सरले, तीही सरली, मी पुन्हा सरले, आणि दुकानदार दोघींकडं बघत राहिला. पुण्याच्या एका डॉक्टरबाईंनी पुष्कळ वर्षांनी याला एक लांबलचक नाव आहे असं सांगितलं. मेंदूतला तेवढाच एक कोपरा मार खातो म्हणे. तेव्हा मात्र आमच्याकडं याला नाव एकच होतं, माज. "पोरीला माज आलाय, समोरून गेली तरी बोलत न्हाय." आमच्या भागात तर सगळ्या पुरुषांची तोंडं टोपीखाली आणि मिशांमागं असतात. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरा पायजमा. असल्या गर्दीत देवानं माझी ओळखच काढून घ्यावी, याला मी योगायोग म्हणत नाही.

आईला हे सगळ्यांत आधी कळलं, आणि तिनं कुणाला न विचारता एक पद्धत बसवली. फाटकाशी माणूस दिसला की ती हातातलं काम टाकून ओरडायची, "या, या, लोणीचं मामा आलं! मामा, बसा खाटंवर. शालन, मामांना पानी दे!" एका वाक्यात तीन वेळा मामा. मी पाणी घेऊन जायचे आणि मामांनी परीक्षा सुरू करण्याआधीच म्हणायचे, "मामा, मामी कशी हाय?" मामा खूश. "आता बरी झाली की पोर!" लोणी भापकरहून निघालेला मामा असो की शेजारच्या वस्तीवरची म्हातारी, आईनं दवंडी पिटल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. हल्ली फोनवर माणूस बोलायच्या आधी त्याचं नाव येतं, त्याचं लोकांना फार कौतुक. आमच्याकडं ती सोय तेव्हाच होती, आणि तिला चार्जिंगही लागत नव्हतं.

पण आई काही चोवीस तास फाटकाशी उभी राहू शकत नव्हती. शाळेत मी गुरुजींना शिपाई समजून घंटा द्यायला सांगितली, आणि शाळेला माझी प्रकृती फार नाजूक असल्याचा साक्षात्कार झाला. शाळा सुटली. मग घरात बैठक बसून ठरलं की पोरीची नजर कमी झालीय. तात्या मला बारामतीला घेऊन गेले. डोळ्याच्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मी खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. "डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. तात्यांचा चेहरा पडला असणार, म्हणजे तसं त्यांच्या आवाजावरून वाटलं. ते हट्टाला पेटले. "आवं, काय तरी नंबर काढा की. एवढ्या लांबनं आलोय." शेवटी दुकानदारानं साध्या काचेचा चष्मा घातला. मला त्यातून जेवढं आधी दिसत नव्हतं तेवढंच दिसायचं राहिलं, पण गावाला मात्र सगळं स्पष्ट दिसायला लागलं. "हां, चष्मा लागलाय व्हय! म्हनून वळखत न्हवती." माज नाही, नंबर आहे. एका काचेनं माझी अब्रू वाचली. तो चष्मा मी सहा वर्षं वापरला.

घरातल्या घरात मात्र चष्म्याचा उपयोग नव्हता. आईची चाहूल लागायची ती बांगड्यांवरून, तिच्या एका हातात पाटल्या होत्या आणि दुसऱ्या हातात काच. आबांचा वास यायचा, घोंगडीचा आणि मेंढरांचा. तात्यांचंच कोडं होतं. ते बोलायचे नाहीत. ट्रॅक्टरवरून आले की अंगाला डिझेलचा वास असायचा, टोपीच्या कडेला तेलाचा डाग असायचा आणि पायताण करकर वाजायचं, तेवढ्यावर मी त्यांना धरायचे. पण अंघोळ करून, उघड्या डोक्यानं, अनवाणी, चुपचाप येऊन दारात उभे राहिले की माझ्यासाठी तो दारात उभा राहिलेला कुणीतरी माणूस. एकदा असंच झालं. मी आत तोंड करून म्हणाले, "आई, कुनीतरी मानूस आलाय गं. बस म्हनू का?" आई पिठाच्या हातानं बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "अगं, तुझा बाप हाय त्यो." तात्या तसेच मागं फिरले आणि न जेवता खेपेला गेले. त्या दिवशी भाजीला मटकीची उसळ होती, त्यांच्या आवडीची. आईनं ती झाकून ठेवली आणि मी बराच वेळ त्या झाकणाकडं बघत बसले.

आता मेंढरांचं सांगते, कारण मेंढरांनीच माझा घात केला. आम्ही धनगर. आबांच्या तरुणपणी घराण्याची दोनशे मेंढरं होती, कळप घेऊन ते कोकणात उतरायचे. कालव्याचं पाणी आल्यावर ऊस लागला, फिरणं संपलं, पण आबांनी तीसेक मेंढरं सोडली नाहीत. आमच्या मेंढरांच्या पाठीवर हिरव्या रंगाचा पट्टा असायचा, शेजारच्या वस्तीच्या मेंढरांना तांबडा, म्हणजे माळावर मिसळली तरी भांडण नको. मेंढ्या दिवसभर चरायला जायच्या आणि कोकरं घरी वाघुरीत कोंडलेली असायची. संध्याकाळी कळप आला की इकडून कोकरं आणि तिकडून आया, दोन्हीकडून असा काही हलकल्लोळ की मी कानात बोळे घालायचे. मग एकेक कोकरू उचलून ज्याच्या त्याच्या आईखाली लावायचं. दुसरीचं कोकरू मेंढी जवळ करत नाही, ढुशी देऊन उडवते. पिढ्यान्‌पिढ्या आमची माणसं कोकराचं तोंड बघून आई सांगत आली. आबा त्यात उस्ताद.

त्या संध्याकाळी मी खाटेवर बसून बघत होते. आबांनी एक कोकरू उचललं, निरखलं आणि चुकीच्या मेंढीखाली लावलं. तिनं ढुशी दिली. आबांनी दुसरीकडं नेलं, तिनंही दिली. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. लपवालपवी करणारी घरात मी एकटी नव्हते तर. मी उठले आणि कोकरू त्यांच्या हातातून घेतलं. "आबा, ह्ये भोरीचं हाय. ती बगा, कोपऱ्यात." भोरीनं ते लगेच पाजायला घेतलं. मग दुसरं, तिसरं. चौदाच्या चौदा कोकरं मी आयांना लावली, एकही ढुशी नाही. माणसांची तोंडं माझ्यापुढं विरघळत होती आणि मेंढरांची तशीच्या तशी होती. प्रत्येकीचं तोंड वेगळं, प्रत्येकीचा स्वभाव त्यावर लिहिलेला. महिनेच्या महिने सगळं जग अनोळखी झाल्यावर अचानक तीस ओळखीची तोंडं समोर आली. मला इतका आनंद झाला की मी भोरीच्या गळ्यात पडून रडले. भोरी शांतपणे रवंथ करत होती. तिनं मला विचारलं नाही, वळख बघू मी कोन.

आबा हरखून हसायला लागले. "आरं, हिला सगळं दिसतंय की! शानी हाय माझी पोर." त्यांचं हसणं संपायच्या आत मागून आवाज आला. तात्या कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. कित्येक दिवसांनी ते एवढं बोलत होते.

"मेंढराच्या पोराला त्याची आय दावती, व्हय? आन सख्ख्या बापाला बघून इचारती, कोन मानूस आलाय?"

"तात्या, तसं न्हाय..."

"मग कसं हाय? डोळं चांगलं हायेत, डाक्टरच म्हनला. डोस्कं चांगलं हाय, त्ये आत्ताच दिसलं. म्हंजी मलाच तेवढं वळखायचं न्हाय. सरळ सांग की, तात्या, तुमी मला पाडलं म्हनून मी तुमाला वळखनार न्हाय."

"आवं, काय बोलताय पोरीला?" आई मध्ये पडली.

"बोलू दे की. मी काय लहान हाय? मला कळतंय समदं."

आणि तात्यांना सगळं कळलं. माझ्या बापाला वाटायला लागलं की मी त्यांना शिक्षा करतेय. मी रोज त्यांच्याकडं अनोळखी नजरेनं बघतेय ती जाणूनबुजून, त्या दोन फर्लांगांसाठी. ते गप्प राहायचे ते शरमेनं, ते गप्प म्हणून मी त्यांना ओळखायची नाही, आणि मी ओळखायची नाही म्हणून ते आणखी गप्प. इतका चोख बंदोबस्त कुणी ठरवून केला असता तरी जमला नसता. मला मात्र त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा असं वाटत होतं. सगळ्या गावानं मला माजलेली म्हटलं तरी चाललं असतं. तात्यांनी म्हणू नये एवढंच मला हवं होतं, आणि ते कसं पटवायचं ते काही सुचत नव्हतं.

गोळ्यांचा दिवस आला. आम्ही दोघं बारामतीला गेलो. तात्यांनी ठेवणीतला, सगळ्यांसारखाच पांढरा सदरा घातला होता, वासाच्या साबणानं अंघोळ केली होती. दवाखान्याचं काम उरकून एस.टी. स्टँडवर आलो. सणसरची गाडी लागायला वेळ होता. मला बाकड्यावर बसवून ते म्हणाले, "हितं बस. हालू नकं. मी आलोच." माझ्या शेजारी पेरूवाली मावशी पाटी घेऊन बसली होती. ऊन रणरणत होतं, गाड्यांचा धूर, कंडक्टरांच्या आरोळ्या, सगळ्यानं माझं डोकं भणभणायला लागलं होतं. स्टँडवर अख्ख्या जगाला डिझेलचा वास येतो, त्यामुळं ती खूण तिथं बाद.

थोड्या वेळानं एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. उघड्या डोक्याचा, टक्कल पडलेला, अनवाणी. तापलेल्या फरशीवर पाय आलटून पालटून उचलत होता. दोन्ही हात पाठीमागं. नुसता उभा, माझ्याकडं टक लावून. मला गाडीची पाटी दिसेना.

"ओ, जरा बाजूला सरका की."

तो सरकला नाही. मी गोळ्यांची पिशवी मांडीवर ओढून घट्ट धरली आणि ओढणी सारखी केली. तरी तो उभाच. आता मला भीती वाटायला लागली.

"काय पायजे तुमाला? माझं वडील हितंच गेल्यात. आत्ता येतील. आलं म्हंजी तंगडं मोडून ठिवतील, सांगून ठिवते."

पेरूवालीनं मान वळवली. "काय झालं गं, पोरी?"

"ह्यो मानूस बगा की मावशी. कवाधरनं समोर उभा हाय, हालत न्हाय."

मावशीनं तराजूतलं किलोचं वजन हातात घेतलं आणि उठली. "ए बाबा! घरात आयाबहिनी हायत्या का न्हाईत? पोरीच्या बापाचं वय झालंय तुझं, लाज न्हाय वाटत? ह्यो दगूड घालू का टकुऱ्यात?"

चार माणसं गोळा झाली. तो माणूस त्यांच्याकडं बघत नव्हता, वजनाकडंही नाही. फक्त माझ्याकडं. मग त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं पाठीमागचे हात पुढं आणले. एका हातात पायताणं होती, दुसऱ्या हातात टोपी. टोपीच्या कडेला तेलाचा डाग होता.

"शालन," तो म्हणाला, "मी हाय. तात्या."

परीक्षा नीट व्हावी म्हणून त्यांनी पायताणं काढली होती, कारण करकर वाजली असती. टोपी काढली होती, कारण डाग मला पाठ होता. माझ्या सगळ्या खुणा त्यांना माहीत होत्या, सगळ्या काढून ते निव्वळ तोंड घेऊन माझ्यासमोर उभे राहिले होते. आणि मी त्यांना त्यांचाच धाक घातला होता. मला इतकी लाज वाटली की ती आजही, हे लिहिताना, तशीच्या तशी वाटते. मी उठून त्यांच्या पोटाला मिठी मारली आणि भर स्टँडवर दोघं रडलो. जमलेल्या चौघांची निराशा झाली, त्यांना मारामारी हवी होती. पेरूवालीनं वजन खाली ठेवलं, "माझे आय, बापच हाय व्हय," म्हणाली आणि दोन पेरू आमच्या पिशवीत टाकले.

गाडीत खिडकीशी बसल्यावर तात्या बोलले. "टेप मोठा हुता गं. तू हाक मारली असशील. मला आलीच न्हाय ऐकू."

मला त्या सकाळचं काहीएक आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. "म्या हाक मारलीच न्हवती, तात्या," मी म्हणाले. ते माझ्याकडं बघत राहिले. पटलं की नाही ते कळायला मला चेहरा वाचता यायला हवा होता. पण त्यांनी पेरूचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच परत बारामतीला गेले आणि आले ते गळ्यात पोपटी हिरवा मफलर घालून. लोकरीचा. एप्रिल महिना होता, कावळे झाडावरून खाली पडतील असं ऊन. आबांनी डोळे बारीक करून तो रंग बघितला, हातात घेऊन चाचपला आणि म्हणाले, "आपल्या मेंढराच्या पट्ट्याचा रंग हाय की ह्यो."

"व्हय," तात्या म्हणाले. "खून नगं का? मिसळलो तर?"

त्यानंतर तो मफलर त्यांच्या गळ्यातून उतरला नाही. सणसरच्या चौकात पोरं हसायची, चहाच्या टपरीवर "आलं हिवाळं" म्हणून त्यांचं स्वागत व्हायचं. तात्यांनी कुणाला एका शब्दानं कारण सांगितलं नाही. आणि दारातून आत येताना, घरात कुणी असो नसो, ते मोठ्यानं म्हणायचे, "मी हाय, तात्या." अगदी रिकाम्या गोठ्यातसुद्धा. मुका झालेला माणूस पुन्हा बोलायला लागला, तो स्वतःचं नाव सांगत. माझ्या लग्नात दोन्हीकडच्या सगळ्या पुरुषांना एकाच रंगाचे गुलाबी फेटे बांधले होते, म्हणजे माझ्यासाठी मांडवात एकच माणूस दोनशे वेळा उभा होता. त्यात फेट्याखाली हिरवा मफलर घातलेले तात्या मला पार दुसऱ्या टोकापासून दिसत होते. वरकुट्याची आत्या फोटोत शोभत नाही म्हणून मफलर काढायला गेली, तेव्हा तिला आईनं जे सुनावलं त्यानं बँड थांबल्यासारखा वाटला. नवऱ्याला तात्यांनी आधीच सांगितलं होतं, "पोरीला तोंडं वळखाया येत न्हाईत, बोलत ऱ्हावं लागंल." जावई इतका बडबड्या निघाला की तात्यांनी ही अट घातली नसती तर बरं झालं असतं, असं मला अधूनमधून वाटतं.

तात्या गेले ते गेल्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात. मी पोचले तोवर त्यांना अंघोळ घालून, नवं पांढरं कापड घालून अंगणात ठेवलं होतं, त्याच शेडापुढं, जिथं माझी खाट असायची. बायका रडत होत्या. सगळ्यांनी मला वाट करून दिली आणि मी त्यांच्या उशाशी जाऊन बसले. एक म्हातारा माणूस झोपला होता. टक्कल पडलेला, डोळे मिटलेला. मी त्याच्या कपाळाकडं बघितलं, नाकाकडं बघितलं, मिशांकडं बघितलं. मला रडायला येईना. पन्नास वर्षांच्या बाईला आपल्या बापाच्या उशाशी बसून रडायला येत नाही, याचा अर्थ जमलेल्या बायकांनी काय लावला ते मला त्यांच्या कुजबुजीवरून कळत होतं.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. आता तिला उठायला दोन माणसं लागतात, पण त्या वेळी कुणाला हात लावू न देता उठली, घरात गेली आणि तो मफलर घेऊन आली. रंग विटून गवतासारखा झालेला, दोन ठिकाणी रफू. भावकीतले एक बाबा पुढं झाले. "वयनी, नवं कापड घातलंय, आता जुनं काय घालता येत न्हाय. तसं चालत न्हाय."

"चालतंय," आई म्हणाली.

"अवो, लोक काय म्हनतील? मेलेल्या मानसाला मफलर?"

"सरका बाजूला," आई म्हणाली. तिचा आवाज अंगणाबाहेर रस्त्यापर्यंत गेला, मामा आल्यावर जायचा तसा. "पोरगी लांबनं आलीया. कोन चाललंय ते तिला कळाया नगं व्हय?"

तिनं वाकून तात्यांची मान उचलली आणि मफलर गळ्याभोवती गुंडाळला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "शालन, तात्या हायेत गं." तेव्हा मला रडायला आलं.